कर्ता मुलगा

शेजारच्या आजींच्या अंत्यविधीला चर्चमध्ये मिळालेली पुस्तिका अजून माझ्या कपाटात आहे. आठ पानं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर जांभळी हॅट घातलेल्या आजी हसताहेत. इथे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांत या प्रार्थनेला 'होमगोइंग' म्हणतात, म्हणजे माणूस आपल्या घरी निघाला. रडणं असतं, पण गाणंही तेवढंच मोठ्यानं असतं. पुस्तिकेत गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य छापतात. जन्म साउथ कॅरोलायनातला, फिलाडेल्फियाला कधी आल्या, कुठे कुठे नोकरी केली, रविवारी पांढरे हातमोजे घालून चर्चच्या दारात किती वर्षं उभ्या राहिल्या. तिसऱ्या पानावर मागे राहिलेल्यांची यादी. थोरला मुलगा आणि त्याची बायको. मधला मुलगा आणि त्याची बायको. मुलगी. मग धाकटा, एकटा. पुढे नातवंडं, पतवंडं, पुतणे, भाचरं. आणि अगदी शेवटच्या ओळीत 'एक निष्ठावान मित्र' म्हणून एक नाव.

तो निष्ठावान मित्र म्हणजे धाकट्याचा जोडीदार. एकोणीस वर्षं दोघं एका घरात राहत होते. आजींची शेवटची तीन वर्षं त्याच घरात गेली. रात्री त्यांच्या पलंगाशेजारच्या आरामखुर्चीत हा मित्र झोपायचा, कारण धाकटा शहर बसचा ड्रायव्हर आणि त्याची पहिली गाडी पहाटे सुटायची. रात्री दोनदा उठवून बाथरूमला नेणं, पाय सुजले की उशीवर ठेवणं, गोळ्यांचा डबा दर रविवारी भरणं, हे सगळं त्या मित्राने केलं. पुस्तिकेत त्याची जागा पतवंडांच्या खाली होती.

ती यादी कुणी लिहिली हे मी विचारलं नाही. पहिल्या बाकावर दोघं शेजारी बसले होते. पुस्तिका उघडून त्याने ती ओळ वाचली, मिटली, आणि धाकट्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेवढंच.

आपल्याकडे 'कर्ता' हा शब्द किती सहज वापरतात. कर्ता मुलगा, कर्ता पुरुष, घरातलं कर्तं माणूस. ज्याच्या जिवावर घर उभं असतं तो कर्ता. त्याचा वयाशी थोडाफार संबंध असतो, पण तेवढाच नाही. थोरला असूनही कर्ता नाही असे कितीतरी असतात. या शब्दाला इंग्रजीत मला आजवर जोड सापडलेली नाही. शेजारचा तो तिघा भावांत धाकटा, पण कर्ता तोच. आमच्या सातारच्या घरी अशा माणसाला एका नजरेत ओळखलं असतं. एवढंच की आपल्या डोक्यातल्या कर्त्या पुरुषाच्या शेजारी एक बाई उभी असते, पाटावर त्याच्या उजव्या हाताला बसलेली. इथे बाई नव्हती. म्हणून यादी करणाऱ्याला त्याचं घर दिसलं नाही.

आम्ही वेस्ट फिलाडेल्फियात राहायला आलो तेव्हा बावन्नाव्या रस्त्याजवळच्या त्या गल्लीत आम्हीच तेवढे देशी. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, प्रत्येकाला पुढे ओसरी. माझी मुलगी जानेवारी २०१४ मध्ये झाली. त्या हिवाळ्यात बर्फ थांबतच नव्हता. माझ्या आईचा व्हिसा लांबला होता, नवरा दोन रात्री हॉस्पिटलात होता, आणि आम्ही तान्ह्या पोरीला घेऊन घरी आलो तर पायऱ्यांवरचं बर्फ कुणीतरी उपसून वर मीठ टाकून ठेवलेलं. तासाभराने शेजारचा तो धाकटा आला, हातात आजींनी दिलेलं कोंबडीचं सूप. "हे नेबर," म्हणाला. मला तो अजून 'नेबर'च म्हणतो. मुलगी माझ्या हातात अवघडल्यासारखी होती. त्याने विचारून तिला घेतलं, कोपराच्या खळग्यात तिचं डोकं बसवलं आणि गुणगुणत खोलीभर फिरायला लागला. पोर झोपली. बाळ कसं धरायचं हे मला आईने फोनवर सांगितलं होतं. दाखवलं त्याने.

त्याला ते येत होतं कारण बहिणीचे दोन मुलगे त्याच्याच हाताखाली वाढले. बहीण काही वर्षं घरात नव्हती, त्या गोष्टीत मी शिरत नाही. ती मुलं त्याला 'अंक' म्हणतात, अंकलचं इथल्या तोंडात बसलेलं रूप. शाळेच्या पालकसभा, दातांचे डॉक्टर, सायकलचं पंक्चर, पहिली दाढी, सगळं अंकने केलं. आजींचं डायलिसिस मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी. सकाळची पाळी संपवून तो त्यांना न्यायचा. शनिवारी परत आलं की ओसरीवर खुर्ची टाकून त्यांची वेणीफणी करायचा. डबीतलं निळं मलम दोन बोटांवर घ्यायचं, कंगव्याच्या टोकाने भांग पाडायचा, भांगाभांगातून ते बोट फिरवायचं, मग बारीक वेण्या. डायलिसिसच्या थकव्याने आजींची मान पुढे यायची तेव्हा तो डाव्या हाताने कपाळ तोलून धरायचा आणि उजव्या हाताचं काम चालूच ठेवायचा. त्या डाव्या हाताकडे मी खिडकीतून कितीदा पाहिलं असेल.

त्याला बघत बघतच मी त्याच्या आधी होऊन गेलेल्या, त्याच्यासारख्याच कृष्णवर्णीय गे पुरुषांबद्दल वाचायला लागले.

जेम्स बाल्डविन जगाला लेखक म्हणून माहीत आहेत. मला ते आधी दिसतात न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या खचाखच भरलेल्या घरातला थोरला मुलगा म्हणून. जन्म १९२४ चा. त्यांच्यामागे आईला आणखी आठ मुलं झाली. एका हातात तान्हं भावंड आणि दुसऱ्या हातात पुस्तक असं आपलं बालपण गेलं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आपल्याकडे थोरल्या मुलीच्या कडेवर जशी पाठची भावंडं वाढतात तशी या मुलाच्या कडेवर वाढली. २९ जुलै १९४३ ला वडील वारले, सावत्र वडील, पण बाप म्हणून तेच माहीत होते. त्याच दिवशी सर्वांत धाकटी बहीण जन्मली. तिचं नाव ठेवलं जेम्सने, पॉला. वडिलांना पुरलं त्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता, आणि बाहेर हार्लेममध्ये दंगलीत फुटलेल्या काचांचा खच पडला होता. घरात बाळंतीण आई, नऊ तोंडं, आणि कर्ता म्हणून हा.

पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, खिशात चाळीस डॉलर घेऊन ते पॅरिसला निघून गेले. घर टाकून गेला, असं कुणी म्हणू शकेल. मी परदेशात राहणारी बाई आहे, टाकून जाणं म्हणजे काय हे मला थोडंफार कळतं. इथे राहिलो तर मरू किंवा कुणाला तरी मारू असं वाटण्याइतका त्या देशाचा वर्णद्वेष त्यांच्या अंगात भिनला होता. पण घराशी बांधलेली गाठ सुटली नाही. पुढे पैसा आला तेव्हा १९६५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या पश्चिम भागात, एकाहत्तराव्या रस्त्यावर एक इमारत घेतली. आई तिथे राहिली, भावंडं राहिली, स्वतः ते येऊन-जाऊन. बहीण ग्लोरिया त्यांचं कामकाज बघायची. १९८७ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेला ते शेवटच्या आजारात पडले तेव्हा उशाशी भाऊ डेव्हिड होता, लहानपणी ज्याला खांद्यावर घेऊन फिरवलं त्यांच्यापैकीच एक.

त्यांनी पुतण्याला लिहिलेलं एक पत्र १९६२ मध्ये छापून आलं. पुतण्याचं नावही जेम्सच. पोरगं पंधराच्या आसपासचं. तू कोण आहेस याबद्दल गोरं जग तुला जे सांगेल त्यावर विश्वास ठेवू नकोस, हा त्याचा गाभा. ते पत्र आता शाळा-कॉलेजात शिकवतात आणि बहुधा वंशभेदावरचं भाष्य म्हणून शिकवतात. मी ते वाचते तेव्हा मला दिसतो एक काका. तुझ्या बापाला मी कडेवर घेतलंय, त्याचे डोळे पुसलेत, म्हणून तुला सांगायचा मला हक्क आहे, असं म्हणणारा. स्वतःचं मूल नसलेल्या माणसाने हा हक्क कमावलेला आहे, एकेका रात्रीच्या जागरणाने. पुढे १९७६ मध्ये एका छोट्या भाच्याच्या हट्टासाठी त्यांनी मुलांचं पुस्तकही लिहिलं. माझ्याबद्दल कधी लिहिणार, असा तो भाचा मामाच्या मागे लागला होता.

दुसरे बेयर्ड रस्टिन, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतले संघटक. ते तर आमचे गाववालेच म्हणायचे. वेस्ट चेस्टर आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर. १९१२ मध्ये तिथे जन्मले, वाढले आजी-आजोबांकडे. बरीच वर्षं ते आजीलाच आई आणि सख्ख्या आईला मोठी बहीण समजत होते. आजी ज्युलिया क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या संस्कारांत वाढलेली. माणूस माणसाच्या बरोबरीचा हे तिने नातवाला घरातच शिकवलं. आपल्याला मुलांचाच सहवास आवडतो असं त्याने तरुणपणी आजीला सांगितलं, तेव्हा तिने आकांडतांडव केलं नाही. तुला तसं वाटतंय तर तसं, एवढ्यावर घेतलं. शंभर वर्षांपूर्वीची कृष्णवर्णीय म्हातारी, छोट्या गावातली. या ज्युलियाबाईंच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं. पोराला घरातच जागा मिळाली की ते जगात कुठेही ताठ उभं राहतं.

आजोबा जॅनिफर मोठमोठ्या घरांतल्या मेजवान्यांचं जेवण करून द्यायचे. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची गोष्ट जेवणाचीच आहे.

२८ ऑगस्ट १९६३. नागरी हक्कांच्या मोर्चासाठी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख माणसं जमली. मार्टिन ल्यूथर किंग यांचं स्वप्नाचं भाषण आपल्या शाळेच्या पुस्तकांतही पोचलंय. पण अडीच लाख माणसं म्हणजे अडीच लाख पोटं, अडीच लाख तहानलेले घसे, ऑगस्टचं ऊन. ही माणसं आणायची कशी, उतरवायची कुठे, पाणी कुठे, संडास कुठे, चक्कर आली तर झोपवायचं कुठे, आणि संध्याकाळी सगळ्यांना सुखरूप परत लावायचं कसं? हे सगळं ज्यांच्या डोक्यात होतं ते रस्टिन. हार्लेममधल्या एकशेतिसाव्या रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत बसून त्यांनी आणि त्यांच्या तरुण पोरापोरींनी आठेक आठवड्यांत हे कार्य उभं केलं. दोन हजारांवर बसगाड्या आणि २१ खास रेल्वेगाड्या. येणाऱ्यांसाठी सूचनापत्रक काढलं, त्यात उन्हात खराब होणारे पदार्थ आणू नका हेही सांगितलेलं. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये रात्रभर स्वयंसेवकांनी जेवणाचे ८०,००० डबे भरले. चीजचं सँडविच, केकचा तुकडा आणि एक सफरचंद, किंमत पन्नास सेंट. रांगा सांभाळायला सुट्टीवरचे कृष्णवर्णीय पोलीस बोलावले होते, त्यांना हात न उगारता गर्दी कशी आवरायची हे रस्टिन स्वतः शिकवत होते.

आपल्या लग्नघरात कोठीच्या किल्ल्या ज्याच्या करगोट्याला असतात तो माणूस आठवा. फोटोत तो नसतो. पंगत उठली की तो शेवटी जेवतो. पण वरण कमी पडलं नाही ते त्याच्यामुळे. इतक्या मोठ्या कार्यात रस्टिन यांनी हे केलं, आणि त्या दिवशी हाणामारी झाली नाही, कुणी उपाशी गेलं नाही, लोक आले तसे घरी गेले. त्या दिवसाला जी प्रतिष्ठा मिळाली त्यात त्या डब्यांचा वाटा भाषणांच्या बरोबरीचा आहे, असं मी मनापासून मानते.

आणि याच माणसाला प्रमुख म्हणून नेमायला आपल्यातलेच नेते कचरत होते. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांना समलिंगी संबंधावरून अटक झाली होती. ते प्रकरण विरोधक बाहेर काढतील ही भीती. मग मार्ग असा निघाला की प्रमुख म्हणून ज्येष्ठ कामगार नेते फिलिप रँडॉल्फ यांचं नाव राहील आणि उपप्रमुख नेमायचा अधिकार त्यांचा. रँडॉल्फ यांनी नेमलं रस्टिन यांनाच. मोर्चाला दोन आठवडे उरले असताना स्ट्रॉम थर्मंड नावाच्या सिनेटरने भर सिनेटमध्ये ती अटक वाचून दाखवली. तेव्हा मात्र घर पाठीशी उभं राहिलं. रँडॉल्फ यांनी पत्रकारांसमोर रस्टिन यांच्यावर आपला पूर्ण विश्वास असल्याचं सांगितलं आणि काम पुढे चालू झालं.

तीन वर्षं आधी असं झालं नव्हतं. १९६० मध्ये एका कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्याने किंग आणि रस्टिन यांच्याबद्दल खोटी अफवा उठवण्याची धमकी दिली आणि रस्टिन यांना किंग यांच्या कामातून बाहेर पडावं लागलं. ज्यांनी १९५६ मध्ये, बस-बहिष्कार चालू असताना, माँटगोमेरीला जाऊन किंग यांना अहिंसा म्हणजे नुसतं मार खाणं नाही, ती रोजची शिस्त आहे, हे समजावलं होतं त्यांनाच. गांधीजींच्या देशात, आपल्याकडे, ते १९४८ च्या अखेरीला आले होते. गांधीजी तोवर गेले होते. जे शिकायला आले होते ते त्यांच्या सहकाऱ्यांकडून शिकून गेले. किंग यांना त्या दिवसांत त्यांच्यासाठी उभं राहता आलं नाही. मला किंग यांच्याबद्दल अपार आदर आहे, पण हे वाचताना दरवेळी माझं पान थांबतं.

उतारवयात रस्टिन यांना जोडीदार मिळाला. वॉल्टर नेगल, १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यात भेटलेला तरुण. आपल्यामागे याचं काय, ही काळजी रस्टिन यांना लागली, कारण दोन पुरुषांच्या संसाराला कायद्यात नावच नव्हतं. हॉस्पिटलात भेटू देतील की नाही, घर राहील की नाही. तेव्हा १९८२ मध्ये त्यांनी वॉल्टर यांना कायदेशीर दत्तक घेतलं. सत्तरीचा बाप, तिशीतला मुलगा. त्यासाठी वॉल्टर यांच्या आईला मुलावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही करावी लागली, आणि घर 'मुलाला' योग्य आहे का हे बघायला समाजसेविका येऊन गेल्या. त्या आईने कागदावर सही करताना पेन कसं धरलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मुलाचा संसार टिकावा म्हणून त्याच्यावरचा हक्क सोडणारी आई. रस्टिन १९८७ मध्ये गेले. २०१३ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी त्यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला तेव्हा तो घ्यायला वॉल्टर गेले.

शेजारच्या त्या पुस्तिकेतला 'निष्ठावान मित्र' वाचताना मला तो दत्तकपत्राचा कागद आठवला होता. कायदा बदलला, आता ते दोघं लग्न करू शकतात. पण छापखान्यात जाणारी यादी कायदा लिहीत नाही.

चर्चबद्दल लिहिणं मला अवघड जातं, कारण तिथे मला कायम प्रेमाने वागवलं. शेजारचा तो ऑर्गन वाजवतो आणि गायकवृंद बसवतो. बुधवारी संध्याकाळी त्याची तालीम असते. अशा चर्चमधून गायकवृंदाचा प्रमुख 'तसा' असतो हे सगळ्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत असतं. गाण्याशिवाय इथली प्रार्थना नाही, आणि त्या गाण्यात अशा कितीतरी पुरुषांचा घाम मुरलेला आहे. खालून ऑर्गन वाजत असताना वरून त्याच माणसाला पापी ठरवणारं प्रवचन मी एकदा ऐकलं. तो खाली मान घालून योग्य त्या जागी योग्य तो सूर धरत होता. प्रवचन संपल्यावर ज्या गाण्याने सगळी माणसं उठून उभी राहिली ते त्यानेच बसवलं होतं. त्यानंतर कित्येक आठवडे मी तिथे गेले नाही. तो मात्र गेला, दर रविवारी. "ते माझ्या आईचं चर्च आहे, नेबर," एवढंच म्हणाला.

सगळेच असे राहू शकत नाहीत. लॉस एंजलिसमध्ये कार्ल बीन नावाचे गायक होते. मी असाच जन्मलो, असं उघड सांगणारं त्यांचं गाणं १९७७ मध्ये गाजलं. त्यांनी १९८२ मध्ये स्वतःच चर्च काढलं, दारातून कुणाला परत न लावणारं. १९८५ मध्ये एड्सने माणसं मरत होती आणि मदत त्यांच्या वस्त्यांपर्यंत पोचत नव्हती, तेव्हा त्यांनी आजाऱ्यांसाठी संस्था उभी केली.

घरातून काढलेल्या पोरांनी आणखीही एक गोष्ट केली. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांनी नाचाच्या, वेशभूषेच्या चढाओढी भरवल्या आणि त्याभोवती 'हाउस' उभी केली. हाउस म्हणजे अक्षरशः घर. त्यात आडनाव एक, आणि डोक्यावर एक 'मदर'. ही मदर कधी ट्रान्स स्त्री, कधी गे पुरुष. हाउस ऑफ निंजाचे विली निंजा पुरुष होते, मोठे नर्तक, आणि त्यांच्या घरातल्या पोरांची ते आई होते. बाहेरच्यांना याचं फार नवल वाटतं. मराठी माणसाला वाटायचं कारण नाही. आपण ज्ञानोबांना माउली म्हणतो, विटेवरच्या सावळ्या विठ्ठलाला विठाई म्हणून हाक मारतो. जो पोटाशी धरतो ती आई, हे आपल्या तोंडात सातशे वर्षं आहे.

जोसेफ बीम यांच्याबद्दल मात्र मला सावकाश सांगायचंय. ते फिलाडेल्फियाचे. बारावा रस्ता आणि पाइन रस्ता मिळतात त्या कोपऱ्यावरच्या पुस्तकांच्या दुकानात ते काम करायचे. ते दुकान आजही आहे. मी ट्रॉलीने शहरात गेले की कधी कधी तिथे डोकावते. जिना करकरतो. तिथल्या फडताळांवर समलिंगी लोकांची पुस्तकं ओळीने होती, पण कृष्णवर्णीय गे पुरुषांचं लिखाण जवळपास नव्हतंच. म्हणून १९८६ मध्ये बीम यांनी अशा पुरुषांच्या लेखनाचा संग्रह स्वतः काढला. तुरुंगातल्या अशा माणसांना ते नेमाने पत्रं लिहायचे, ज्यांना घरून कुणी लिहीत नव्हतं. आणि त्यांची स्वतःची सल होती ती घराचीच. आहे तसा मी घरी जाऊ शकत नाही, ही त्यांच्या लिखाणातली दुखरी जागा.

दुसऱ्या संग्रहाचं काम चालू असताना, २७ डिसेंबर १९८८ ला, ते एड्सशी संबंधित आजाराने गेले. चौतिसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. मग त्यांची आई, डोरोथी बीम, मुलाचं काम हातात घेऊन उभी राहिली. मुलाचा मित्र, कवी एसेक्स हेम्फिल, फिलाडेल्फियाला येऊन बीम यांच्या आईवडिलांकडे राहिला. त्या घरात दोघांनी मिळून ते बाड पुरं केलं आणि १९९१ मध्ये पुस्तक निघालं. एसेक्सही १९९५ मध्ये गेले, वय ३८.

मी या घराचा विचार पुष्कळदा करते. गेलेल्या मुलाचे कागद, त्यात त्याने आईसमोर कदाचित कधी मोठ्याने न उच्चारलेल्या गोष्टी. आई ते वाचतेय. समोर तिच्या मुलासारखाच दुसरा कुणाचा तरी मुलगा. मुलाचं काम पुरं करणं हे आपल्याकडे मुलाने बापाचं करायचं असतं. इथे उलटी रीत झाली. मला एवढं नक्की वाटतं की जोसेफ यांना ज्या घरी आहे तसं जायचं होतं, ते घर त्यांच्या आईने त्यांच्यामागे बांधून काढलं आणि तिथे एसेक्स यांना राहायला दिलं.

हे सगळं लिहिताना मनात एक भीती आहे. हे लोक राबले, वाढलं, निस्तरलं, म्हणून त्यांना मान द्या, असं माझं म्हणणं वाचलं जाईल. तसं नाही. न राबणाऱ्या मुलालाही त्याचं घर असतं. थोरल्या भावाला पुस्तिकेत बायकोसकट जागा मिळाली ती त्याने आईची सेवा केली म्हणून नव्हे, तो मुलगा आहे म्हणून. कर्तेपणाची ही अटच काढायला हवी. राबून राबून जागा मिळवायची आणि तरी शेवटच्या ओळीत बसायचं, हा हिशेब खोटा आहे. आजी असत्या तर तो त्यांनी मांडू दिला नसता, असं मला वाटतं. आरामखुर्चीतल्या त्या माणसाला त्या 'माय अदर सन' म्हणायच्या. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. बोलायला लागली तेव्हा तो तिला खेळवायचा आणि मी सवयीने "मामाकडे जा" म्हणायचे. तिने तेच उचललं. दोघांनाही ती मामा म्हणते, मोठा मामा आणि खुर्चीवाला मामा. आजी गेल्या तरी ती खुर्ची तिथेच आहे.

गेल्या सप्टेंबरात शाळेचा फॉर्म आला. अडीअडचणीला कुणाला बोलवायचं, त्यांची नावं आणि मुलीशी नातं. मी दोघांची नावं लिहिली आणि नात्याच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत 'मामा' लिहिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या बाईंचा फोन आला. आवाजावरून माझ्याच वयाच्या असाव्यात, बोलणं इथल्याच गल्लीतलं. "मॅम, या दोन पुरुषांच्या नावांपुढे तुम्ही मामा लिहिलंय. आई, असं लिहिलंय का?"

मी सांगायला तोंड उघडलं की मराठीत मामा म्हणजे आईचा भाऊ. मग म्हटलं, "हो, तसंच राहू द्या."

त्या क्षणभर थांबल्या. "ओके, बेबी," म्हणाल्या. पलीकडे की-बोर्ड वाजला.